पुसण्यापुरतं तेल

शिवडीच्या आमच्या प्रयोगशाळेत
फलोदीची वाळू आली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून,
सोबत लष्कराचं पत्र, तीन शिक्के
आणि नळी काढून घेतलेली एक रायफल.
तिच्याशेजारी एक जवान दिवसभर स्टुलावर बसायचा
आणि तिच्यापेक्षा आमच्या चहावर जास्त लक्ष ठेवायचा.

वाळू चाळली. इतकी बारीक
की रांगोळीला चालली असती.

काम साधं: पंचावन्न अंशांची भट्टी,
पंखा, पंख्यासमोर मूठभर वाळू,
आणि बोल्ट मागे, बोल्ट पुढे,
मागे, पुढे, दोन हजार वेळा.
तक्त्यात एकच रकाना: अडकली का?

क बाटलीतलं पातळ तेल दुपारपर्यंत उडून गेलं,
मागे नुसता डाग, कापडावर अत्तराचा राहतो तसा.
ख मधलं ग्रीस जागचं हललं नाही,
पण वाळूला असं कवटाळून बसलं
की दोघांची मिळून कानस झाली
आणि पोलाद पोलादाला खाऊ लागलं.
वाळूतून तेल काढायच्या गोष्टी शाळेत ऐकलेल्या.
इथे तेलातून वाळू काढायची होती,
रॉकेलने तीनदा धुतलं तरी निघेना.
तेलही गेलं, तूपही गेलं, देवरुखकर म्हणाले
आणि डबा घेऊन जेवायला गेले.

मग घोलपांना बोलावलं.
शिवदास घोलप, निवृत्त हवालदार, आर्मरर,
आता कॉटन ग्रीनला कुलपं आणि शिलाई मशीन दुरुस्त करतात.
त्यांनी ग मधला थेंब बोटांवर घेतला, चोळला, हुंगला,
बोटं पँटला पुसली,
म्हणाले, हां, एवढंच.
एवढंच म्हणजे?
जे उरलं ते.
तिकडे नमनाला घडाभर तेल चालत नाही, बाई.
लावायचं, आणि लावल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखं पुसायचं.
नाहीतर ती काळी भुकटी घासा बोल्टच्या रुळांवर
(मॉलिब्डेनम म्हणतो आम्ही, ते म्हणतात काजळ),
बाकी सगळं कोरडं.
वाळूला धरायला काही मिळता कामा नये.

काजळ घातलं.
दोन हजार वेळा. नाही. नाही. नाही.
शनिवारी देवरुखकरांनी जवानालाही वडापाव दिला.

सोमवारी कुलूप काढलं
तर त्याच कोरड्या बोल्टवर
खाडीकडच्या खिडकीतल्या हवेने
गंजाची नारिंगी लव उगवलेली.
दोन रात्री, बास.
या शहराला कोरडं काही बघवत नाही.

म्हणून अहवालात दोन परिच्छेद:
मुंबईच्या गोदामात असेतो बाळंतिणीसारखी माखून ठेवावी.
वाळवंटात उतरताच सगळं धुऊन काढावं,
पुसावं, मग काजळ.
या दोन्हींत चालेल असं एक तेल
आमच्याकडे नाही. कुणाकडेच नसावं.

सहीसाठी कागद नेले तेव्हा विचारलं घोलपांना,
तुमची कधी अडकली?
एकदा.
वावटळ होती, स्वतःचा हात दिसत नव्हता.
माझी अडकली. समोरच्याचीही.
मग?
मग काय. तो खटका ओढत बसला, मी खटका ओढत बसलो.
वारा पडला तेव्हा तिथे कुणीच नव्हतं,
तोही गेलेला, मीही.
साखर कमी आहे चहात.

तक्ता पुन्हा एकदा उघडला मी.
दोन हजार 'नाही', माझ्याच अक्षरात,
शेवटचे जरा घाईघाईने काढलेले.
खाली सही केली. तारीख घातली.

रात्री पोळीच्या पहिल्याच घासाला
नवऱ्याच्या दाताखाली कण आला.
कणीक चाळली नव्हतीस का, त्याने विचारलं.

चाळली होती, म्हटलं,
आणि दिव्याखाली नखं बघितली.